श्रीलंका, आठ रात्री: निसर्ग, देवळं, शहरं… काय ठेवायचं, काय कापायचं?

मुक्काम_पोस्ट
ऑगस्टचा दुसरा पंधरवडा, आठ रात्री, चार माणसं. त्यात एक दहा वर्षांची मुलगी आणि एक सत्तरीच्या आजी. गुडघे कुरकुरतात, पण देवळं सोडायची तयारी नाही. जेवण शाकाहारी, अंडं चालेल.

नकाशा समोर ठेवून आखलेला बेत: कोलंबो, सिगिरिया, कँडी, नुवारा एलिया, एल्ला, याला (जंगल, बिबटे बघायला), मिरिसा (देवमासे बघायला) आणि शेवटी गॉल करून परत कोलंबो. प्रत्येक ठिकाणी एक रात्र. बेटाचं क्षेत्रफळ 65,610 चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण एक पंचमांश, तेव्हा मावायला हवं. जाणकारांनी चिरफाड करावी.

टांगेवाला
आठ रात्रींत आठ वेळा बॅग भरायची. याला सहल म्हणत नाहीत, बदली म्हणतात.

सह्यकडा
क्षेत्रफळावर जाऊ नका, तासांवर जा. द्रुतगती मार्ग सोडले तर तिथे गाडीचा सरासरी वेग ताशी 35-40 किलोमीटर धरायचा. रस्ते गुळगुळीत आहेत, पण दुपदरी. गाव संपतच नाही, आणि बस आणि तीनचाकी आपापल्या लयीत चालतात. सिगिरिया ते कँडी 90 किलोमीटर, पावणेतीन तास. कँडी ते नुवारा एलिया 77 किलोमीटर, तेही तेवढेच, वर वळणं. एल्ला ते याला अडीच तास. तुमच्या बेतात रोज तीनेक तास गाडीत आहेत आणि त्यात वाटेतले धबधबे, चहाचा कारखाना, 'पाच मिनिटं थांबू' धरलेलं नाही.

दुसरं, विमानतळ कोलंबोत नाही, कटुनायकेला आहे, शहराच्या उत्तरेला सुमारे 32 किलोमीटरवर. सिगिरिया त्याच्याही ईशान्येला. म्हणजे पहिली रात्र कोलंबोत काढणं म्हणजे आधी दक्षिणेला जाऊन मग उलट फिरणं. विमान सकाळी उतरत असेल तर सरळ कुरुणेगलमार्गे सिगिरियाशेजारचं दांबुल्ला गाठा, चारेक तास. रात्री उतरत असेल तर नेगोंबोला झोपा, ते विमानतळापासून जेमतेम 10 किलोमीटर. रात्री त्याच भागातल्या हबरनाच्या बाजूला गाडी हाकू नका. रस्त्यावर हत्ती येतात आणि अंधारात ते दिसतात तेव्हा उशीर झालेला असतो.

मृग_आणि_आर्द्रा
अंतरापेक्षा मोठी चूक महिन्याची आहे. ऑगस्टमध्ये मिरिसा कापा, डोळे मिटून.

लंकेला दोन मोसमी पाऊस आहेत. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा, म्हणजे आपलाच. तो कोलंबो, गॉल, मिरिसा आणि डोंगराच्या पश्चिम उताराला भिजवतो. डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येचा, तो त्रिंकोमाली, बट्टिकलोआ, जाफना या बाजूला. मधला डोंगर भिंतीसारखा उभा असल्याने एका बाजूला छत्री तर दुसऱ्या बाजूला टोपी. कोकणात झोडपतंय आणि माणदेशात ढग नुसते वरून जातायत, तोच प्रकार. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मात्र दोन्हीकडे कोसळतो, आणि वादळांचे दिवसही साधारण तेव्हाचेच.

मिरिसाचे देवमासे नोव्हेंबर ते एप्रिल. दोंड्रा टोकाजवळ समुद्रबूड जमीन अचानक खोल जाते, त्यामुळे निळा देवमासा किनाऱ्याच्या बराच जवळ येतो. पण ऑगस्टमध्ये तिथली लाट अशी असते की बहुतेक होड्या निघत नाहीत, आणि निघालीच तर माणसं समुद्राकडे कमी आणि पिशवीत जास्त बघतात. त्याच महिन्यांत त्रिंकोमालीचा समुद्र तळ्यासारखा असतो.

मुक्काम_पोस्ट
म्हणजे अख्खा दक्षिण भाग गेला?

मृग_आणि_आर्द्रा
किनारा गेला. याला गेलं नाही, ऑगस्टअखेर ते कोरडंठाक असतं आणि जनावरं पाणवठ्यावर येतात. पण तेवढ्यासाठी तिकडे जाणं म्हणजे दोन दिवस खर्ची. शिवाय यालाचा मुख्य भाग दुष्काळामुळे साधारण सप्टेंबर ते मध्य ऑक्टोबर बंद ठेवतात, तेव्हा महिनाअखेरीची तारीख असेल तर आधी खात्री करा.

उंडगा
बिबट्याला एवढ्यात निकालात काढू नका हो. लंकेत वाघ नाही, सिंह नाही, त्यामुळे बिबट्याच जंगलचा राजा. भरदिवसा कातळावर पसरलेला दिसतो. आपल्याकडे तो जास्त करून सीसीटीव्हीत दिसतो.

टांगेवाला
जुन्नरचा बिबट्या फुकट आहे, उसात.

खारीक
हत्तींसाठी मात्र याच महिन्यात यायला हवं, आणि ते सिगिरियाच्या शेजारीच आहेत. मिन्नेरिया. राजा महासेनाने बांधलेला प्रचंड तलाव. कोरड्या महिन्यांत पाणी मागे सरतं, उघड्या पडलेल्या तळात कोवळं गवत उगवतं आणि चहूकडचे कळप त्या गवतावर येतात. ऑगस्ट-सप्टेंबर हा ऐन भर.

गोम अशी की वरच्या धरणातून तलावात पाणी सोडलं की गवत बुडतं आणि हत्ती शेजारच्या कौडुल्लाला नाहीतर हुरुलुला जातात. म्हणून हॉटेलातून आदल्या दिवशी 'मिन्नेरियाची जीप' ठरवू नका. दुपारी हबरनाच्या चौकात जीपवाल्यांना विचारा, 'आज हत्ती कुठे आहेत?' त्यांना रोजचं ठाऊक असतं. जीप साधारण तीनला निघते, अंधारापूर्वी बाहेर. जीपचं भाडं वेगळं, उद्यानाचं प्रवेशशुल्क वेगळं आणि त्यावर कर. ठरवताना 'सगळं धरून किती' असं विचारलं नाही तर फाटकावर वाद होतो.

मुलीला आधीच सांगून ठेवा: बहुतेक नरांनाही सुळे नसतात, लंकेतल्या हत्तींचं तसंच आहे. नाहीतर 'सगळ्या हत्तिणीच आहेत' असं म्हणून बसेल.

सह्यकडा
+1. सिगिरिया-दांबुल्ला-हबरना हा त्रिकोण एका मुक्कामातून करा, तीन रात्री. सगळं 25 किलोमीटरच्या आत, पोलोन्नारुवा ही जुनी राजधानी तासाभरावर.

आता सिगिरिया. राजा कश्यप, इ.स. 477 ते 495. सपाट रानातून 180 मीटर उभा कातळ, सुमारे 1200 पायऱ्या. पर्वतीच्या 103, म्हणजे एका दमात बारा पर्वत्या. सकाळी फाटक उघडतानाच आत शिरा. साडेनऊनंतर लोखंडी जिन्यावर माणसांची मुंगीरांग लागते आणि तिथे मागे फिरता येत नाही. चित्रांपाशी फोटो बंद. आणखी एक: कड्याला रानमाश्यांची पोळी आहेत. 'शांत राहा' अशा पाट्या शोभेच्या नाहीत. पोळं उठलं तर चढण बंद करतात.

आजींनी खालच्या बागा आणि पाण्याची कारंजी बघावी, तो भाग सपाट आहे आणि निम्मी गंमत तिथेच आहे. सिंहाच्या पंज्यांपर्यंतही दोन-तृतीयांश चढण होते, तेव्हा 'अर्ध्यापर्यंत तर चला' हा आग्रह धरू नका.

तिकिटाबद्दल: परदेशी दर डॉलरमध्ये आणि चढा, पण सार्क देशांच्या नागरिकांना साधारण निम्मा. त्यासाठी मूळ पासपोर्ट खिडकीवर दाखवावा लागतो. हॉटेलात ठेवला तर पूर्ण पैसे.

उंडगा
सिगिरिया बघायचा तर शेजारच्या पिदुरंगलावरून. तिकीट अगदी थोडं, अर्धा-पाऊण तास चढ, आणि सिगिरियाचा फोटो सिगिरियावरून येतच नाही, तो इथूनच.

सह्यकडा
शेवटच्या वीस मीटरांत मोठ्या धोंड्यांमधून हातापायांवर सरपटत जावं लागतं हेही सांगा की. दहा वर्षांची मुलगी आनंदाने करेल, आजींसाठी नाही. आणि पायथ्याशी विहार आहे, खांदे-गुडघे झाकलेले हवेत; वर जाऊन जाकीट काढा.

लेणंवेडी
दांबुल्लाबद्दल कुणी बोललं नाही. अजिंठा-वेरूळ पाहिलेल्या माणसाने इथे वेगळा डोळा घेऊन यावं. आपल्याकडे कातळ कोरून लेणं काढलंय. इथे कातळाखालची नैसर्गिक कपार आहे, पुढे भिंत घालून पाच गुहा केल्या आहेत. सुरुवात राजा वलगंबाची, इ.स. पूर्व पहिलं शतक. छत कातळाच्या उंचसखलपणासकट रंगवलंय, त्यामुळे पडदा ताणल्यासारखा दिसतो. पहिल्या गुहेत निजलेला बुद्ध, एकाच कातळात, चौदा मीटर लांब. पण जागा एवढी चिंचोळी की एका नजरेत मावत नाही. दुसरी गुहा सर्वांत मोठी, वेळ तिथे घालवा.

पायऱ्या साडेतीनशेच्या आसपास, टप्प्याटप्प्याने. आजींना सकाळी जमतील. दुपारी नको, कारण वरच्या अंगणात चप्पल काढायची आणि फरशी तव्यासारखी. जाड मोजे घाला, मोजे चालतात. आणि तिकीटखिडकी खाली, प्रवेश वर: आधी खिडकी कुठे आहे ते ड्रायव्हरकडून पक्कं करा, नाहीतर वर जाऊन परत खाली.

पोलोन्नारुवाचंही तेच, तिकीट अवशेषांच्या फाटकावर नाही, तळ्याकाठच्या संग्रहालयात मिळतं. ते जपून ठेवा, गल विहारापाशी परत तपासतात. तिथे गाडी आत जाते, म्हणून गुडघ्यांना सर्वांत सोयीचं हेच. गल विहारातल्या चार मूर्ती एकाच लांबट कातळात, पराक्रमबाहू पहिला, बारावं शतक. आणि तिथलं दोन नंबरचं शिवालय चुकवू नका. चोळांच्या काळातलं, सगळं दगडी, बाकी विटांच्या नगरात एकटं तंजावरचं वाटतं.

तिथीवार
मुक्काम_पोस्ट, तारखा पक्क्या करण्याआधी भिंतीवरचं कॅलेंडर बघा, आपलं मराठी.

कँडीची एसला पेरहेरा, म्हणजे दंतमंदिराची (बुद्धाचा दात जपलेल्या देवळाची) मिरवणूक, दहा रात्री चालते आणि निकिणी पोयाच्या सुमारास संपते. निकिणी पोया म्हणजे श्रावणातली पौर्णिमा, आपली नारळी पौर्णिमा. जाफन्याच्या नल्लूर कंदस्वामी देवळाचा उत्सव 25 दिवसांचा, त्याचं तीर्थ अमावस्येला, म्हणजे आपल्या पोळ्याच्या दिवशी, आणि रथ आदल्या दिवशी. दोन्हींत पंधरवड्याचं अंतर, आठ रात्रींत एकच बसेल. अधिक महिना आला की सगळं पुढे सरकतं, आपल्या गणपतीसारखंच.

मुक्काम_पोस्ट
कॅलेंडर काढलं. नारळी पौर्णिमा आपल्या आठवड्यातच येतेय! म्हणजे पेरहेरा?

तिथीवार
जमेल, पण किंमत मोजून. पहिल्या पाच रात्री कुंबल पेरहेरा, लहान. पुढच्या पाच रंदोली, शेवटची सर्वांत मोठी. हॉटेलांचे दर तेव्हा दुप्पट-तिप्पट आणि तीन रात्रींशिवाय खोली देत नाहीत असेही असतात. दुपारपासून रस्ते बंद; गाडी हॉटेलापर्यंत पोचवायची तर सकाळीच. फुटपाथवर फुकट बसता येतं, पण लोक दुपारी सतरंजी टाकून बसतात आणि मिरवणूक अंधार पडल्यावर. आजी आणि मुलगी बरोबर असताना पैसे देऊन खुर्ची घ्या, छत असलेली, स्वच्छतागृह जवळ असलेली. खुर्ची विकणाऱ्याला 'पहिली रांग की तिसरी' हे विचारा आणि जागा आधी डोळ्यांनी बघा.

क्रम असा: पुढे चाबूकवाले, मग आगीचे गोळे फिरवणारे, ध्वजधारी, कँडीचे नर्तक-ढोलवाले, मग दंतमंदिराचा मोठा हत्ती करंडक घेऊन. त्याच्यामागे नाथ, विष्णू, कतरगम आणि पत्तिनी या चार देवळांच्या मिरवणुका. हत्तीवर करंडक असतो, दात नसतो.

उंडगा
दात मग दिसतो कधी?

तिथीवार
रोजच्या दर्शनात नाहीच. पहाटे साडेपाच, सकाळी साडेनऊ आणि संध्याकाळी साडेसहा अशा तीन पूजा, तेव्हा गाभाऱ्याचं दार उघडतं आणि रांगेतून सोन्याचा करंडक काही सेकंद दिसतो. पेरहेराच्या दिवसांत वेळा बदलतात. साडेनऊची सर्वांत सोयीची, संध्याकाळी सगळ्या टूरच्या बसगाड्या येतात. खांदे-गुडघे झाकून. पांढरे कपडे सक्तीचे नाहीत, पण घाला, स्थानिक तसेच येतात.

आणि कुठल्याही मूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नका. मुलांना हे आधी सांगा, रखवालदार खरंच ओरडतात. अंगावर बुद्धाचं गोंदण असेल तर झाका. 2014 मध्ये एका ब्रिटिश पर्यटक बाईंना त्यावरून परत पाठवलं होतं.

बिनसाखरेचा
पोयाच्या दिवशी दारू विकत नाहीत, मांसाची दुकानंही बंद. प्रत्येक पौर्णिमेला सुट्टी असलेला देश. बाकी काही नाही, फक्त माहिती देतोय.

टांगेवाला
बिनसाखरेचा, तुमची फक्त माहिती कळली.

चहाटळ
नुवारा एलियाचं कुणी नाव काढत नाही, पण आजींना सीता अम्मन, म्हणजे सीतेचं देऊळ, बघायचं असेल तर? सीता एलियाला रस्त्यालगतच आहे, नुवारा एलियापासून 5-6 किलोमीटर, पायऱ्या थोड्याच. बाजूच्या ओढ्याच्या कातळात हनुमानाच्या पावलांच्या खुणा दाखवतात. तिथून पुढे हकगला उद्यान, लोक त्यालाच अशोकवाटिका म्हणतात. ते इंग्रजांनी 1861 मध्ये सिंकोनाच्या लागवडीसाठी काढलं, क्विनीनसाठी.

लेणंवेडी
म्हणजे अशोकवाटिकेत कुनैन. भाविकांनी श्रद्धेने जावं, पण 'रामायण दर्शन'वाल्या सहलींत दिवसाला चार 'हेच ते ठिकाण' दाखवतात आणि गाडीत बसून जीव जातो. जुनं शैव स्थान हवं तर पंच ईश्वरम बघा: त्रिंकोमालीचं कोनेश्वरम, मन्नारचं केतीश्वरम, जाफन्याकडचं नगुलेश्वरम, चिलावचं मुन्नेश्वरम आणि दक्षिण टोकाचं तोंडेश्वरम, जे पोर्तुगीजांनी 1588 मध्ये पाडलं.

चहाटळ
श्रद्धा आणि पुरातत्त्व यांची भेळ मीही करत नाही. पण मळ्यांतली ती देवळं बघण्यासारखी आहेतच, कारण ती मळ्यांच्या मजुरांची आहेत. डोंगरावर आधी कॉफी होती. 1869 पासून तांबेरा रोगाने ती बसली, मग सगळा डोंगर चहाने भरला. पानं खुडायला तमिळनाडूतून माणसं आणली, त्यांनी देव बरोबर आणले.

अवांतर: ऑगस्टमध्ये नुवारा एलियाला धुकं-पाऊस, पण त्याच डोंगराच्या पलीकडे उवा प्रांतात, एल्ला-बदुल्ला बाजूला, कोरडा वारा सुटतो. जुलै ते सप्टेंबर हाच उवा चहाचा खास हंगाम. त्या वाऱ्याने पान ताण खातं आणि चहाला जवळजवळ पुदिन्यासारखा वास येतो. चहा घेताना पुडीवर प्रांत बघा. ज्यांना दूध-आलं-साखर घालून उकळायचा आहे त्यांनी उवाचे पैसे वाया घालवू नयेत. तिथलीच सखल भागातली बारीक दाण्याची भुकटी घ्या.

मुक्काम_पोस्ट
ते पटलं, पण मग रेल्वे? सगळे म्हणतात कँडी-एल्ला गाडीशिवाय लंका नाही.

रूळबदल
आता माझा विषय. कँडी ते एल्ला सहा-सात तास, लेट झाली तर आठ. सत्तरीच्या आजींना सात तास? आरक्षण 30 दिवस आधी उघडतं आणि काही मिनिटांत संपतं. त्यानंतर दलाल तीच तिकिटं तिप्पट दराने विकतात. वातानुकूलित पहिल्या वर्गाच्या खिडक्या उघडत नाहीत, म्हणून जाणकार दुसरा किंवा तिसरा आरक्षित घेतात. पावसात दरड आली की मार्ग बंद, मग चालू आहे का ते निघण्याआधी बघा.

ज्यांना हवीच त्यांनी फक्त नानु ओया (नुवारा एलियाजवळचं स्टेशन) ते एल्ला करा, तीनेक तास. सगळ्यात सुंदर तुकडा तोच: पट्टिपोला, हपुतळे, शेवटी एल्ला. प्रसिद्ध नऊ कमानी पूल एल्ला आणि देमोदरा यांच्या मधे आहे, म्हणजे एल्लाला उतरणाऱ्याला गाडीतून दिसतच नाही! तो बघायला चालत किंवा तीनचाकीने जायचं आणि गाडीच्या वेळा स्टेशनात विचारून जायच्या.

पण तुमच्यासाठी तिसराच तोडगा आहे: कँडी ते कोलंबो. अडीच-तीन तास, रोज कितीतरी गाड्या. 1867 मध्ये सुरू झालेला मार्ग. कडुगन्नावा ते रंबुक्कना हा घाट उतरताना दरीच्या बाजूला बसलात तर बोगदे, भातखाचरं आणि समोर बतलेगल सुळका. कर्जत-लोणावळ्याची आठवण येणारच. बॅगा गाडीने पाठवा, ड्रायव्हर कोलंबो स्टेशनात भेटेल. दारात पाय सोडून बसायचं नाही. झाडं आणि बोगद्यांच्या भिंती फार जवळून जातात, अपघात होतात.

सह्यकडा
रूळबदल, झकास. हे डोक्यात आलं नव्हतं.

समुद्रफेणी
त्रिंकोमालीचं थोडं. हबरनाहून दोन तास, रस्ता सरळ. कोनेश्वरम हे स्वामी कड्यावर, फ्रेडरिक किल्ल्याच्या आत. किल्ल्यात चितळं मोकळी फिरतात आणि पर्यटकांच्या पिशव्या हुंगतात, खायला देऊ नका. देऊळ जिथे आहे तिथून खाली सरळ समुद्र. जुनं देऊळ पोर्तुगीजांनी 1622 ते 1624 च्या दरम्यान पाडलं, दगड किल्ल्याला वापरले, काही समुद्रात गेले. 1956 मध्ये आर्थर क्लार्क आणि माइक विल्सन यांना समुद्रात बुड्या मारताना ते अवशेष सापडले. कड्यात 'रावण वेट्टु' नावाची भेग आहे, रावणाने तलवारीने कापली म्हणतात. बाहेरून देवळापर्यंत चढ सौम्य आहे, तीनचाकी बऱ्यापैकी वर येते.

पिजन बेट नीलवेलीच्या किनाऱ्यासमोर. होडीने दहा-पंधरा मिनिटं. राष्ट्रीय उद्यान आहे, तेव्हा प्रवेशतिकीट वेगळं आणि होडी वेगळी. सकाळी सातच्या आत जा, दहानंतर पाणी गढूळ आणि गर्दी. तिथे पोवळं आधीच खूप तुटलंय, कारण लोक त्यावर उभे राहतात. पोहता येत नसेल तर जाकीट घालून वर तरंगा, पाय टेकू नका. मुलीसाठी पाण्याखाली बघायचा चश्मा तिच्या मापाचा मिळतो का ते किनाऱ्यावरच घालून बघा. मोठ्याचा पट्टा आवळून चालत नाही, पाणी शिरतं.

आजींसाठी कन्निया, गरम पाण्याचे सात कुंड, प्रत्येकाचं तापमान थोडं वेगळं. बादलीने अंगावर घ्यायचं. वज्रेश्वरीची सवय असेल तर पाणी फार गरम वाटणार नाही.

पोपटी_पान
जेवणाचं मी सांगते, कारण इथेच शाकाहारी फसतात. 'व्हेज' म्हटल्यावर मान डोलावतात आणि ताटात पोल सांबोल येतं. ओलं खोबरं, लाल मिरची, लिंबू, कांदा, दिसायला आपली चटणी, पण त्यात उंबलकड असते, म्हणजे वाळवलेल्या ट्यूना माशाचा चुरा. पालेभाजीत, वांग्यातही असते. म्हणून 'व्हेज' न म्हणता म्हणा: 'मस् माळु एपा, उंबलकड एपा'. मस् म्हणजे मांस, माळु म्हणजे मासा, एपा म्हणजे नको. अंड्याला बित्तर.

तमिळ भागात 'सैव' लिहिलेली हॉटेलं शोधा, तिथे प्रश्नच नाही. त्रिंको, जाफना, कोलंबोत भरपूर.

परिप्पु म्हणजे नारळाच्या दुधातली मसुरीची डाळ, कुठेही मिळते. सकाळी इंदिआप्प (शेवयांच्या चकत्या) आणि आप्पे (आपले नव्हेत, कडेला कुरकुरीत वाटी). फणसाची आणि नीरफणसाची भाजी असते, कोकणातल्या माणसाला घरचीच वाटेल. कवठाचं सरबत गाड्यांवर मिळतं, 'दिवुल' म्हणा. सगळ्यात वरचं म्हणजे मडक्यातलं म्हशीचं दही आणि त्यावर कित्तुलचा पाक. कित्तुल म्हणजे आपल्या सह्याद्रीतला भेरली माड.

सह्यकडा
तसंही जैववैविध्याच्या हिशेबात पश्चिम घाट आणि श्रीलंका एकच गट धरतात. माडही तोच, वासही तोच.

टांगेवाला
आणि जळवाही त्याच.

खारीक
ड्रायव्हरबद्दल. चालकासह गाडी दिवसाच्या हिशेबाने घ्या. ठरवताना चार गोष्टी लिहून घ्या: रोजचे किती किलोमीटर, जादा किलोमीटरचा दर, द्रुतगती मार्गाचा टोल कुणाकडे, ड्रायव्हरचं जेवण-मुक्काम कुणाकडे. मसाल्याची बाग, बाटिक, रत्नांचं दुकान हे रस्त्यात लागतातच, कारण त्यावर दलाली असते. पहिल्याच दिवशी नम्रपणे 'दुकानं नकोत' सांगा, नंतर सांगणं अवघड जातं. शहरांत पिकमी किंवा उबर.

पैसे: एका भारतीय रुपयाला साधारण साडेतीन श्रीलंकन. 2024 पासून युपीआय त्यांच्या क्यूआरवर चालतं, पण देवळाबाहेर, होडीवर, जीपवाल्याकडे रोख. प्लग बहुतेक ठिकाणी चौकोनी तीन पिनचे, अडॅप्टर न्या. प्रवेशपरवाना ऑनलाइन घ्या, सरकारी संकेतस्थळावरूनच. शुल्काचे नियम बदलत राहतात, आणि बनावट संकेतस्थळं जास्तीचे पैसे उकळतात.

उंडगा
कोलंबोवर कुणी काहीच बोलत नाही, कारण बोलण्यासारखं नाही. सरळ विमानतळ गाठा.

लेणंवेडी
साफ नामंजूर. 1877 मध्ये उघडलेल्या राष्ट्रीय संग्रहालयात एक शिळा आहे, चिनी आरमारप्रमुख झेंग ह याने आणलेली, गॉलला 1911 मध्ये सापडली. तीवर तीन भाषा: चिनीत बुद्धाला, तमिळमध्ये विष्णूला आणि फारसीत अल्लाला दाने अर्पण केल्याची नोंद. एका दगडात अख्खं बंदर. त्यानंतर बैरा तळ्यातलं सीमा मालक, जेफ्री बावांची वास्तू, शेजारी गंगारामय. पेट्टा या बाजारपेठेत लाल-पांढऱ्या पट्ट्यांची जामी उल-अल्फार मशीद, पेट्टाच्या समुद्र रस्त्यावर कदिरेशन कोविल. संध्याकाळी गॉल फेस मैदानावर वारा खायचा. एक दिवस पुरतो, पण शून्य दिवस कमी.

उंडगा
बरं. शिळेसाठी अर्धा दिवस मान्य.

मुक्काम_पोस्ट
सगळ्यांचं ऐकून बेत परत मांडतो. विमान सकाळी उतरतंय.

1 ते 3: हबरना. येताना वाट थोडी वाकडी करून मुन्नेश्वरम. सिगिरिया पहाटे (आजी खालच्या बागेत), दांबुल्ला दुसऱ्या सकाळी, हत्ती दुपारी, पोलोन्नारुवा तिसऱ्या दिवशी.
4-5: त्रिंकोमाली.
6-7: कँडी, पेरहेराची शेवटची रात्र खुर्चीवरून.
8: रेल्वेने कोलंबो.
नुवारा एलिया, एल्ला, याला, मिरिसा, गॉल: बाद.

सह्यकडा
पहिल्या दिवशी मुन्नेश्वरम धरलंत तर पोहोचायला चार वाजतील, त्या दिवशी बाकी काही नको. आणि पौर्णिमेच्या दिवशी दांबुल्ला नको, लंकाभरचे लोक तिथे.

तिथीवार
पेरहेराच्या दुसऱ्या दिवशी दुपारीही एक दिवसाची मिरवणूक निघते, रस्ते परत बंद. तेव्हा रेल्वे सकाळची घ्या, साडेदहाच्या आधीची. कँडी स्टेशनापर्यंत चालत जाता येतं, बॅगा आदल्या रात्रीच गाडीत टाका. गाडी मात्र बंदोबस्ताच्या बाहेर उभी करायला सांगा.

मृग_आणि_आर्द्रा
कोलंबोला छत्री. बाकी सात रात्री टोपी.

पोपटी_पान
आजींना 'उंबलकड एपा' पाठ करून घ्या. गाडीत, त्रिंकोला जाता जाता.

मुक्काम_पोस्ट
पाठ झालं. आता रोज जेवायला बसलं की आमच्याच घरी भाजी बघून म्हणतायत.